शब्द पाठ आहेत, तरी इंग्रजी बोलताना अडतं. काय करू?

दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पुण्यात नोकरी, रोज दहा शब्द पाठ करता आणि मीटिंगमध्ये तोंडच उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मीही झेडपीच्या शाळेतला. राज्यात पहिलीपासून इंग्रजी 2000 साली आलं. त्याआधी आमची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची.

पुण्यात आल्यावर मीसुद्धा अप्पा बळवंत चौकातून शब्दसंग्रहाची पुस्तकं आणली, घोकली. शब्द आले, बोलणं आलं नाही. वाक्य मनात मराठीत तयार व्हायचं आणि मी एकेका शब्दाला इंग्रजी शब्द लावत बसायचो.

मीटिंगमध्ये एकदा मी म्हणालो, 'आय अ‍ॅम हिअर सिन्स थ्री इयर्स.' हिंजवडीहून कोथरूडला परतताना शेजारी बसलेल्या ताईंनी चूक समजावली. आपण 'सोमवारपासून' म्हणतो आणि 'तीन वर्षांपासून'ही म्हणतो, दोन्हीकडे 'पासून'च. इंग्रजीत सुरुवात सांगायची तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. शिवाय मी अजून तिथेच आहे, म्हणून 'आय हॅव बीन हिअर फॉर थ्री इयर्स'. शाळेत हा नियम मी पाठ केला होता, पण माझी चूक 'पासून'मधून येते हे मला कुणीच दाखवलं नव्हतं.

मग अशा जागा मी शोधू लागलो. 'मला सांग' म्हणजे 'टेल मी', पण 'मला समजावून सांग' म्हणजे 'एक्स्प्लेन इट टू मी'. तिथे 'टू' लागतोच. आपल्याला थंडी वाजते, भूक लागते, राग येतो. मराठीत क्रियापदं तीन, इंग्रजीत तिन्हीकडे 'आय अ‍ॅम': कोल्ड, हंग्री, अँग्री. ताप आला की मात्र 'आय हॅव अ फीवर'. 'लाइट गेली' हे शब्दशः नेता येत नाही, 'द पॉवर इज आउट' म्हणायचं. आणि निघताना आपण 'येतो हं' म्हणतो, तिथे 'आय शुड गेट गोइंग'.

म्हणून सुट्या शब्दांची यादी थांबवा, अगदी मनापासून सांगतो. एक वही करा. डाव्या पानावर त्या दिवशी तुम्ही खरोखर बोललेलं मराठी वाक्य, उजव्या पानावर त्याचं अख्खं इंग्रजी वाक्य. दिवसाला तीन पुरेत. ती मोठ्याने म्हणा, मनातल्या मनात नको. जिभेला सवय लागायला हवी. व्याकरणाचं पुस्तक जवळ असू द्या, पण चूक झाली की तेवढंच पान उघडा.

शब्दकोशात अर्थ बघून थांबू नका, खालचं उदाहरणाचं वाक्य वहीत उतरवा. आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो, म्हणून 'डिस्कस अबाउट' तोंडात येतं. उदाहरणात 'डिस्कस द प्रॉब्लेम' एवढंच दिसेल. उद्याच्या मीटिंगमध्ये हेच वाक्य लागणार असेल, तर आजच्या तिनांत ते पहिलं घ्या.