केप व्हर्देचं काय होणार? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

डिसेंबरात फुटबॉल विश्वचषकाची सोडत निघाली, केप व्हर्दे स्पेन, उरुग्वे आणि सौदी अरेबियाच्या गटात पडला, आणि तेव्हापासून माझा फोन त्याच त्या प्रश्नांनी भरतोय. मी नाशिकमध्ये मुलांना फुटबॉल शिकवतो; मैदानाच्या कुंपणाशी उभे राहणारे पालक तेच विचारतात. कॉलेज रोडला चहासाठी थांबलो तरी तेच. स्पर्धा ११ जूनला सुरू होतेय, त्यामुळे एकदाच लिहून टाकतो.

केप व्हर्दे आणि काबो व्हर्दे हे दोन वेगळे संघ आहेत का? (सिडको)

एकच. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यापुढची दहा बेटं.

पहिल्याच सामन्यात ते स्पेनला हरवतील का? हो किंवा नाही एवढंच सांगा. (पंचवटी)

नाही. आता मला २०१० ची आठवण करून द्याल, की पहिल्या सामन्यात स्वित्झर्लंडने स्पेनला १-० ने हरवलं होतं. हरवलं होतं, मान्य. त्या वर्षी कप कोणी उचलला तेही आठवा.

आमच्या ग्रुपवर आलंय की या वेळी गटात तिसरा आलेला संघही पुढे जातो. मग स्पेन-उरुग्वेकडून हरले आणि सौदीला हरवलं की झालं ना? (गंगापूर रोड)

झालं नाही. ग्रुपवर आलेलं अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं माणसाला जास्त बुडवतं.

या वेळी ४८ संघ आहेत, चार-चारचे १२ गट. प्रत्येक गटातले पहिले दोन सरळ पुढे जातात. तिसऱ्या आलेल्या १२ संघांतून ८ घेतात, म्हणजे तिघांतले दोन. युरो स्पर्धेत २०१६ पासून हेच प्रमाण आहे, सहातून चार. त्यामुळे अंदाज बांधायला तीन स्पर्धांचा हिशेब हाताशी आहे. मी तो वहीत मांडून ठेवलाय.

२०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही युरोंत ४ गुण मिळवून तिसरा आलेला एकही संघ घरी गेला नाही. ३ गुणांवर तिसरे आलेले संघ नऊ. त्यातले चार पुढे गेले, पाच बाहेर पडले. आता इथे नीट बघा. पुढे गेलेल्या चौघांचा गोलफरक (केलेले गोल वजा खाल्लेले गोल) शून्य किंवा उणे एक होता. बाहेर पडलेल्या पाचांपैकी एकाचाही उणे दोनपेक्षा बरा नव्हता. २०१६ ला पोर्तुगालने तिन्ही सामने बरोबरीत सोडवले, ३ गुणांवर तिसरा आला आणि शेवटी कप घेऊन गेला. पुढच्या युरोत स्लोव्हाकियाकडे दोन सामन्यांनंतर तेवढेच ३ गुण होते आणि गोलफरक शून्य. तिसरा सामना स्पेनशी. ०-५. संपलं.

म्हणून केप व्हर्दे स्पेनला हरवेल का, हा प्रश्नच मला नको असतो. स्पेनविरुद्ध ०-१ झाल्यावर ७० व्या मिनिटाला ते काय करतात, हे विचारा. सगळे वर धावले आणि ०-४ खाल्ले, तर शेवटच्या सामन्यात सौदीला हरवूनही हातात फारसं काही राहणार नाही. ०-१ वरच सामना सोडला, उरुग्वेशी बरोबरी केली आणि सौदीला हरवलं, तर ४ गुण होतात. मग मी बिनधास्त पेढे वाटीन.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. गोल्फ क्लब मैदानावर माझा चौदा वर्षांखालचा संघ ०-३ ने मागे होता. दहा मिनिटं उरलेली, आणि मीच रेषेवरून ओरडत होतो, ‘वर जा, वर जा!’ आमचा स्टॉपर, म्हणजे बचावातला मधला खेळाडू, शहाणं पोरगं, एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग गेला वर. ०-६. पुढचा सामना आम्ही २-० जिंकला आणि दोन गोलांच्या फरकाने बाहेर पडलो. एका मुलाची आई विचारत होती, ‘सर, आपण जिंकलो ना?’ तिला काय सांगणार? तो सामना आम्ही आदल्या दिवशीच घालवला होता, आणि घालवणारा मी होतो.

तिसऱ्या आलेल्या संघांचे गुण, गोलफरक आणि केलेले गोल सगळं सारखं निघालं तर कार्डं मोजतात. २०१८ ला सेनेगल कार्डांमुळेच बाहेर गेला. जपानची पिवळी कार्डं ४, सेनेगलची ६. तेव्हा पंचाशी हुज्जत घालणाऱ्या खेळाडूला ‘जिगरबाज’ म्हणणं बंद करा.

तुमच्या मुलांच्या स्पर्धेत बरोबरी झाल्यावर काय धरतात, हे मात्र मला विचारू नका. प्रत्येक स्पर्धेचं नियमपत्रक वेगळं असतं. पहिल्या सामन्याआधी आयोजकांकडून मागून घ्या, हरल्यावर नाही.

सौदीने २०२२ ला अर्जेंटिनाला हरवलं होतं. मग सौदी सोपा कसा? (नाशिकरोड)

सोपा कोण म्हणालं? पण त्या २-१ नंतर सौदी पुढचे दोन्ही सामने हरला आणि गटात शेवटचा आला. एका संध्याकाळच्या जिवावर स्पर्धा पार पडत नाही.

सव्वापाच लाख लोकांचा देश विश्वचषकात आणि १४० कोटींचा भारत घरी. लाज वाटत नाही का? (इंदिरानगर, निवृत्त शिक्षक)

सर, वाटते. गेल्या नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडून ०-१ हरलो तेव्हाही वाटली. पण डोकी मोजून फुटबॉल होत नाही. तसं असतं तर नाशिकचा संघ आइसलंडवर सहज भारी पडला असता.

केप व्हर्देचे बरेच लोक पिढ्यान्‌पिढ्या परदेशात आहेत. रॉटरडॅम, लिस्बन, पॅरिसच्या अकादम्यांत वाढलेली त्यांची मुलं आई-वडिलांच्या नात्याने या संघातून खेळू शकतात. पात्रता फेरीत कॅमेरूनविरुद्धचा घरचा सामना १-० ने जिंकून देणारा डेलन लिव्रामेंतो रॉटरडॅमचा. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, खेळायचं तर भारताचा पासपोर्ट हवा. फुटबॉलपटू रायन विल्यम्सने त्यासाठी २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं. असं किती जण सोडतील?

हे कारण सांगितलं म्हणून आपली सुटका होत नाही, हेही सांगतो. आपल्याकडे नऊ-दहा वर्षांच्या मुलाला वर्षाला किती खरे सामने मिळतात ते मोजा. शिबिरं नाहीत, सामने. केप व्हर्देही काही जादूने आला नाही. पात्रता फेरीत कॅमेरूनकडे जाऊन १-४ हरला, लिबियात १-३ मागे पडून ३-३ केलं, आणि १३ ऑक्टोबरला आपल्या राजधानीत, प्राइयात, इस्वातिनीला ३-० हरवून गटात पहिला आला. विशेष म्हणजे त्याच काळात हा संघ आफ्रिका कपला पात्रही ठरला नव्हता. तेव्हा प्रशिक्षक बुबिश्ता यांना कोणी काढलं नाही. आपल्याकडे काय झालं असतं?

त्यांचा एक खेळाडू लिंक्डइनवरून निवडला म्हणे. ही थाप आहे ना? (कॉलेज रोड)

खरं आहे. रॉबर्टो ‘पिको’ लोपेस, जन्म डब्लिनचा, वडील केप व्हर्देचे. तेव्हाच्या प्रशिक्षकांनी पोर्तुगीजमध्ये निरोप पाठवला, याने जाहिरात समजून सोडून दिला. काही महिन्यांनी पुन्हा आला तेव्हा भाषांतर करून वाचला.

टेलिग्रामवरच्या एका ‘एक्सपर्ट’ने सलग तीन सामन्यांचे निकाल अचूक सांगितले. आता केप व्हर्देच्या ‘पक्क्या’ टिपसाठी पाच हजार मागतोय. भाऊ आधीच दोन हजार देऊन बसलाय. (सातपूर)

ही युक्ती माझ्या वडिलांच्या काळातली आहे, फक्त तेव्हा पोस्टकार्डं होती. आठशे लोकांना निरोप जातो. चारशेंना ‘अ जिंकेल’, चारशेंना ‘ब जिंकेल’. ज्यांचं बरोबर आलं त्यांना पुढचा. दोनशे, मग शंभर. त्या शंभरांना वाटतं देव भेटला. तुमचा भाऊ त्या शंभरातला आहे.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, हे वेगळंच. आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, चॅट आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट पुसू नका, आणि सायबर पोलिसांकडे जा. ‘स्पर्धा संपल्यावर बघू’ म्हणालात तर तोवर तो चॅनलच नसेल. कायद्याचं पुढचं वकिलाला विचारा, मी प्रशिक्षक आहे.

त्यांचा गोलकीपर चाळिशीचा आहे. मी ४३ चा. सोसायटीच्या टर्फ स्पर्धेत खेळायला काय हरकत आहे? जिना उतरताना गुडघा थोडा दुखतो, बाकी ठणठणीत. (पाथर्डी फाटा)

वोझिन्या या जूनमध्ये चाळीस पूर्ण करतोय, बरोबर. पण तो गेली वीसेक वर्षं रोज सराव करतोय. तुम्ही शेवटचे कधी धावलात? टर्फवर बूट अडकतो आणि पाय वळतो, गुडघा जातो तो तिथेच. जिना उतरताना दुखणं ‘थोडं’ नसतं. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, रक्तदाब आणि छाती तपासून घ्या. गुडघ्याला पट्टा बांधून मैदानात उतरू नका. मेडिकलवाला पट्टा विकतो, निदान करत नाही.

मला मधुमेह आहे, रात्री इन्सुलिन घेतो. त्यांचे सामने बघायचेत. वेळा सांगाल का? (देवळाली कॅम्प, एक आजोबा)

आजोबा, आपल्या वेळेने स्पेनविरुद्धचा सामना १५ जूनला रात्री साडेनऊला. हा जेवून निवांत बघा. उरुग्वेचा २२ जूनला पहाटे साडेतीनला. जागरण आणि मधले फराळ इन्सुलिनशी कसे जुळवायचे ते तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा. स्वतःच्या मनाने मात्रा पुढे-मागे करू नका. आणि चिवड्याचा डबा टीव्हीजवळ ठेवू नका, मी माझ्या वडिलांना पाहिलंय.

सौदीचा २७ जूनला पहाटे साडेपाचला. त्या शनिवारी आपला सराव सहाऐवजी आठला सुरू होईल. पालकांनी मुलांना आणायची घाई करू नये, मीही तोवर घरीच असेन.