कला केंद्रात मुलांसाठी बारा आठवड्यांचा वर्ग सुरू करायचा आहे. दर आठवड्याला नवी कला ठेवावी का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: खोली आठवड्यातून एकदा मिळणार, १४ मुलांची नावं आली आहेत, वयं ७ ते १४, केंद्रात विजेची एक लहान भट्टी वापराविना पडून आहे, आणि बारा आठवड्यांत बारा वेगवेगळ्या कला शिकवायचा बेत आहे. हा बेत सोडा असं मी सांगेन. नव्या माध्यमाचं पहिलं सत्र ते हाताला कसं लागतं हे कळण्यातच जातं. दुसऱ्या सत्रात चुका होतात, तिसऱ्या-चौथ्या सत्रापासून मूल स्वतःचं काही करू लागतं. दर आठवड्याला माध्यम बदललं की मूल कायम पहिल्या सत्रातच राहतं आणि सगळी मुलं एकसारखी वस्तू घेऊन घरी जातात. पालकांना पहिले काही दिवस बरं वाटतं, मुलांना मात्र लवकर कंटाळा येतो. भट्टी आहे, तर बारा आठवडे फक्त माती ठेवा.

७ आणि १४ वर्षांची मुलं एका सत्रात बसवू नका. चित्रकला-शिक्षणातले अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली वयानुसार जे टप्पे मांडले, त्यांच्या वयाच्या रेषा पुढे बऱ्याच वादात सापडल्या. पण एक गोष्ट वर्गात रोज दिसते. साधारण नऊ-दहानंतर मुलं आपलं काम खऱ्या वस्तूशी ताडून बघू लागतात आणि ‘मला जमत नाही’ हे वाक्य सुरू होतं. सात वर्षांच्या मुलाला करू द्यायचं असतं, बारा वर्षांच्या मुलाला तंत्र हवं असतं. ७ ते १० आणि ११ ते १४ असे दोन गट करा, सत्रं लागोपाठ ठेवा आणि मध्ये अर्धा तास आवराआवरीसाठी मोकळा सोडा.

सत्र ९० मिनिटांचं पुरे. आल्यावर ॲप्रन घालून मागचं काम शेल्फवरून काढायला दहा मिनिटं, प्रात्यक्षिकाला जास्तीत जास्त दहा, कामाला ४५, सफाईला वीस आणि एकमेकांचं काम बघायला पाच. वीस मिनिटांची सफाई ऐकून लोक हसतात. ती दहावर आणली की उरलेलं काम शिक्षकाच्या अंगावर पडतं, आणि असे वर्ग बहुधा शिक्षक थकल्यामुळे बंद पडतात. प्रात्यक्षिकात पूर्ण झालेला नमुना टेबलावर ठेवून जाऊ नका. दाखवा, मोडा, परत गोळा करा. नमुना समोर राहिला की सगळे त्याचीच नक्कल करतात. मुलाच्या कामाला हात लावायचा नाही. सांगायचं असेल ते तुमच्या हातातल्या गोळ्यावर दाखवा.

माती कमी तापमानावर भाजली जाणारी, अर्थनवेअर, तयार मळलेली घ्या. ती १००० ते १०६० अंश सेल्सिअसला पकते. लहान गटाला दर सत्री मुलामागे अर्धा किलो, मोठ्यांना एक किलो. न वापरलेली माती त्याच दिवशी पिशवीत जाते, म्हणून १४ मुलांच्या बारा आठवड्यांसाठी ४० ते ५० किलो पुरते. टेबलावर कॅनव्हासचे तुकडे अंथरा, प्लॅस्टिकवर माती चिकटते. प्रत्येकाला लाकडी कोरणी, सुई, जुना टूथब्रश आणि स्पंज. चौघांत एक लाटणं आणि ६ ते ८ मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या. लाटणं पट्ट्यांवरून फिरलं की स्लॅब, म्हणजे लाटलेली मातीची पोळी, सगळीकडे एकाच जाडीचा होतो. फिरतं चाक पहिल्या वर्षी नको. एका वेळी एकच मूल बसतं, बाकीचे बघत राहतात.

पहिले दोन आठवडे चिमटीने वाटी, पुढचे दोन वळ्यांचं (मातीच्या लांब दोऱ्या रचून केलेलं) काम, पाचव्या ते आठव्या आठवड्यात स्लॅब आणि ज्याच्या त्याच्या मनातलं काम. आठव्या आठवड्यानंतर ओली माती बंद. हा नियम मोडायचा मोह दरवेळी होतो, पण वाळायला लागणारा वेळ कुणाच्या विनवणीने कमी होत नाही. नवव्या आठवड्यात आधी भाजून झालेल्या तुकड्यांवर ग्लेझच्या (भाजल्यावर काचेसारखा होणाऱ्या लेपाच्या) चाचण्या आणि रंगाची रेखाटनं, दहा-अकरामध्ये ग्लेझ, बाराव्यात मांडणी.

सर्वांत जास्त कामं सांध्यावर तुटतात. हँडल किंवा कान नुसता दाबून बसवला की तो वाळताना सुटतो. दोन्ही बाजू सुईने आडव्या-उभ्या खरवडायच्या, त्याच मातीची पाण्यात कालवलेली, दह्याइतकी दाट स्लिप लावायची, दाबून हलवत बसवायचं आणि सांध्याभोवती बारीक वळी भरायची. दोन्ही भाग सारख्याच ओलाव्याचे हवेत. ओलं हँडल अर्धवट सुकलेल्या कपाला लावलं तर ते जास्त आकसतं आणि चीर पडते. वाळून-भाजून माती साधारण ८ ते १२ टक्के आकसते. म्हणूनच बाटलीभोवती थापलेली माती तडकते. मध्ये वर्तमानपत्राचे दोन-तीन थर गुंडाळा आणि माती चामड्याइतकी घट्ट झाली की बाटली काढून घ्या.

नाव ओल्या मातीतच सुईने तळाला कोरायचं. पेन्सिलीचं नाव भट्टीत जळून जातं, आणि मग सारख्या दिसणाऱ्या चौदा वाट्यांवरून वाद होतात.

आता भट्टी. हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भांडं फुटतं, हा समज पक्का बसला आहे. फोडते ती वाफ. माती आतून ओली असताना तापमान १०० अंशांवर गेलं की पाण्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि तुकडे उडून शेजारची कामंही जातात. मातीचे जाड प्राणी म्हणूनच धोक्याचे. कुठेही दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त जाडी ठेवू नका. मोठी आकृती खालून पोखरा आणि बंद पोकळीला न दिसेल असं भोक ठेवा, नाहीतर तिची आतली बाजू शेवटपर्यंत सुकत नाही. वाळवण पहिले दोन-तीन दिवस सैल प्लॅस्टिकखाली, मग उघड्यावर, एकूण सात ते दहा दिवस. दमट हवेत दोन आठवडे. वस्तू गालाला लावून बघा, थंड लागली तर अजून ओली आहे.

पहिलं भाजणं सावकाश. ९० अंशांच्या आसपास चार-पाच तास धरा, मग ६०० पर्यंत तासाला सुमारे १०० अंशांनी चढा, त्यापुढे थोडा वेग वाढवला तरी चालतो. ५७३ अंशांना मातीतल्या क्वार्ट्झची रचना बदलून आकारमान एकदम वाढतं आणि थंड होताना तेवढंच कमी होतं, म्हणून त्या भागात चढतानाही आणि उतरतानाही घाई नको. झाकण १०० अंशांखाली आल्याशिवाय उघडायचं नाही. पडून असलेली भट्टी आधी जाणकार इलेक्ट्रिशियनला दाखवा: वायरिंग, एलिमेंट, थर्मोकपल (तापमान मोजणारा भाग). मुलं खोलीत असताना ती चालवू नका; धूर आणि वायू बाहेर जायला वाट हवी.

ग्लेझ शिसेविरहित, तयार द्रवरूप आणि तुमच्या मातीच्या तापमानाला जुळणारं घ्या. दोन-तीन पातळ हात लावायचे, प्रत्येक हात सुकू देऊन. तळ आणि तळापासून पाच-सहा मिलिमीटर कोरं ठेवायचं, नाहीतर वितळलेलं ग्लेझ वस्तूला भट्टीच्या फळीला चिकटवतं. मुलं ही सूचना विसरतातच; भट्टीत ठेवण्याआधी प्रत्येक तळ ओल्या स्पंजने तुम्ही स्वतः पुसा. कच्चं ग्लेझ भाजल्यानंतरच्या रंगाचं दिसत नाही, गुलाबी दिसणारं निळं निघू शकतं, म्हणून चाचणीचे भाजलेले तुकडे बाटल्यांशेजारी टांगून ठेवा. या भांड्यांत खा-प्या असं पालकांना सांगू नका. मुलांनी लावलेला थर सगळीकडे सारखा नसतो.

सुकलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसांना वाईट. झाडू बंद, ओला स्पंज आणि ओलं पोछं. वाळलेलं काम वर्गात घासायचं नाही. हात थेट सिंकमध्ये धुवू नका, पाइप तुंबतो. आधी पहिल्या बादलीत, मग दुसऱ्या बादलीत, मगच नळ. बादल्यांतला गाळ बसू द्या, वरचं पाणी ओतून टाका आणि माती परत वापरा.

खोलीत कायम दोन मोठी माणसं हवीत, एक शिक्षक आणि एक मदतनीस, मूल एकाच मोठ्या माणसासोबत एकटं राहणार नाही अशी. मुलाला कोण न्यायला येणार त्याची नावं, तातडीचा फोन, त्वचेची ॲलर्जी आणि फोटोला परवानगी हे सगळं प्रवेशाच्या वेळी लेखी घ्या. ओल्या मातीचा स्पर्श काही मुलांना सहन होत नाही. त्यांना घट्ट माती आणि हत्यारं द्या, हात बुडवायचा आग्रह नको.

१३-१४ वर्षांच्या मुलांना वर्गापेक्षा खुला स्टुडिओ मानवतो: काम स्वतः ठरवायचं, अडलं तर विचारायचं. त्यांतल्या एक-दोघांना लहान गटात मदतनीस करा, पण तिसरं मोठं माणूस म्हणून त्यांची गणती करू नका.

शेवटच्या मांडणीत शिक्षकाने निवड करायची नाही. प्रत्येक मूल आपली एक वस्तू निवडेल आणि तिच्याबद्दल एक वाक्य लिहील. शेल्फची जागा तोकडी असते आणि मुलं वस्तू न्यायला विसरतात, त्यामुळे मांडणीनंतर चार आठवड्यांत न नेलेली कामं ठेवली जाणार नाहीत, हे प्रवेशाच्या कागदावरच छापा.