‘मायसेल’ला मराठीत काय म्हणावे?

कोल्हापुरात रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे, की बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू) आणि तापमान यांचा मायसेलवरील, म्हणजे साबणासारख्या पदार्थांचे रेणू पाण्यात एकत्र येऊन होणाऱ्या पुंजक्यावरील, परिणाम मराठीत लिहिताना ‘मायसेल’साठी ‘कण’ हा शब्द चालेल का, आणि ‘बहुवारिकात मायसेल साजाच्या मण्यांसारखे ओवले जातात’ हे वाक्य बरोबर आहे का.

‘कण’ मुळाशी जुळतो, कारण लॅटिनमध्ये ‘मिका’ म्हणजे कण किंवा चुरा, आणि त्यावरून आलेला हा शब्द रसायनशास्त्रज्ञ मॅकबेन यांनी १९१३ मध्ये साबणाच्या द्रावणांसाठी वापरला. तरीही तो मी सुचवणार नाही. कण एकदा झाला की कणच राहतो. मायसेलमधून मात्र रेणू सतत बाहेर पडत आणि आत येत असतात, आणि द्रावणात पुरेसे पाणी घातले की मायसेल उरतच नाही. संज्ञा म्हणून ‘मायसेल’च ठेवावे, पण समजावताना ‘कोंडाळे’ म्हणावे. शेकोटीभोवती माणसे पाठ बाहेर करून कोंडाळे करतात, तशा साबणासारख्या पदार्थाच्या रेणूंच्या तेलकट शेपट्या आत वळतात आणि पाण्याशी जमणारी डोकी पाण्याकडे राहतात. शिवाय कोंडाळे जमते आणि मोडते; ही दोन्ही क्रियापदे येथे चपखल बसतात.

सोडियम डोडेसिल सल्फेट या साबणासारख्या पदार्थाचे कोंडाळे सुमारे ६० रेणूंचे असते आणि २५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ८ मिलिमोल संहतीपासून जमू लागते. ही ‘क्रांतिक मायसेल संहती’. तिच्याबाबत ‘तापमान वाढले की ती वाढते’ असे सरसकट लिहू नये: या पदार्थात ती २५ अंशांच्या आसपास सर्वांत कमी असते आणि दोन्ही बाजूंना थोडी चढते, तर पॉलिऑक्सिएथिलीन डोक्याच्या, विद्युतभार नसलेल्या पदार्थांत तापवल्यावर डोक्यांभोवतीचे पाणी सुटत गेल्यामुळे ती सहसा उतरते. थंडीतली गोष्ट निराळी. जानेवारीच्या सकाळी प्रयोगशाळेत या सल्फेटच्या द्रावणाच्या बाटलीत तळाशी पांढऱ्या सुया दिसतात आणि बाटली कोमट पाण्यात धरली की त्या विरतात. येथे ‘मायसेल गोठले’ म्हणणे चूक, कारण क्राफ्ट तापमानाखाली पदार्थाची विद्राव्यता इतकी घटते की कोंडाळे जमण्याइतके रेणू पाण्यात नसतातच. ‘स्फटिक खाली बसले’ एवढेच लिहावे.

आता साजाविषयी. पॉलिएथिलीन ऑक्साइडसारखे बहुवारिक असले, तर याच सल्फेटचे रेणू ८ ऐवजी ४ ते ५ मिलिमोललाच त्याच्या साखळीवर जमू लागतात. म्हणून ‘क्रांतिक मायसेल संहती घटली’ असे न लिहिता या आधीच्या उंबरठ्याला ‘क्रांतिक समुच्चयन संहती’ असे वेगळे नाव द्यावे. सुटे मायसेल तर साखळी भरल्यानंतरच दिसू लागतात. माळेची उपमा शास्त्रज्ञही वापरतात आणि ती मला आवडते, पण ‘ओवणे’ हे क्रियापद मी बदलेन. कोल्हापूरच्या गुजरी या सराफ बाजारातला कारागीर मण्याच्या भोकातून दोरा नेतो. मायसेलला भोक नसते, त्याचा गाभा तेलकट शेपट्यांनी भरलेला असतो, आणि बहुवारिकाची साखळी त्याच्या पृष्ठभागाला, डोक्यांच्या आसपास बिलगते. तेव्हा ‘बहुवारिकाची साखळी एकामागून एक मायसेलांना वेढत जाते’ असे लिहावे.