वाचकांचे प्रश्न: डोंगर आणि तापीच्या मधलं फैजपूर

प्रश्न: माझे आजोबा फैजपूरचे, आम्ही आता पुण्यात असतो. मुलाला शाळेत 'आपलं मूळ गाव' असा प्रोजेक्ट दिलाय. शोधलं तर सगळीकडे १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या दोन ओळी, बाकी काही नाही. गावाला दुसरा काही इतिहास आहे की नाही? आणि अधिवेशन एवढ्या छोट्या गावात का झालं?
(एक वाचक, पुणे)

उत्तर: आहे ना ताई, भरपूर आहे, पण तो गावात शोधून नाही सापडणार, गावाच्या भोवतीच्या वावरांत सापडेल. मुलाला सांगा आधी नकाशा काढ. वर सातपुडा, खाली तापी, ती पण पूर्वेकडून पश्चिमेला जाणारी, मध्य प्रदेशातल्या मुलताईला निघून थेट सुरतेकडे. ह्या दोघांच्या मधे काळ्या मातीची लांबट पट्टी, त्या पट्टीत फैजपूर. आता चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर, बऱ्हाणपूर ही नावं नकाशावर बोट ठेवून वाचायला लावा, एकाच रस्त्यावर माळेतल्या मण्यांसारखी दिसतील. डोंगराच्या पायथ्याला दगडगोटे, नदीकाठ घळींनी कापलेला, म्हणून चांगली जमीन मधे आणि गावं पण मधेच. हा रस्ता आजचा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर हायवे.

बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे म्हणून आपण ते विसरतो, पण फारुकी सुलतानांच्या काळात खान्देशची राजधानी तेच होतं. १६०१ मध्ये अकबराने बऱ्हाणपूरजवळचा असीरगड किल्ला घेतला आणि खान्देश मुघलांकडे गेला. आपला हा भाग बऱ्हाणपूरला इतका जवळ की इथल्या लोकांचा बाजारहाट, नातीगोती आजही तिकडे आहेत.

इंग्रज आले १८१८ ला. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट त्यानंतरची आहे आणि ती शाळेच्या पुस्तकात मला कधी भेटली नाही. १८५२ मध्ये सरकारनं जमिनीची मोजणी काढली, मोजणी म्हणजे नवीन सारा (जमिनीवरचा सरकारी कर) बसणार हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, तर सावदा-यावल-चोपडा ह्या पट्ट्यातले शेतकरी हजारोंनी जमले आणि मोजणी होऊ देणार नाही म्हणून उभे राहिले. सरकारला फौज आणून पुढाऱ्यांना पकडावं लागलं. हे १८५७ च्या पाच वर्षं आधी! मुलाच्या प्रोजेक्टमध्ये हे आलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता अधिवेशन. तोपर्यंत काँग्रेसची अधिवेशनं शहरात भरायची, गांधीजींचा आग्रह होता की खेड्यात भरवा. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांनी जबाबदारी घेतली आणि २७, २८ डिसेंबर १९३६ ला फैजपूरला पन्नासावं अधिवेशन झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेलं हे काँग्रेसचं पहिलं अधिवेशन. तिथं बांबू आणि गावातच मिळणाऱ्या सामानातून 'टिळकनगर' उभं केलं, सजावट चित्रकार नंदलाल बोस यांची, आणि नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. फैजपूरच का, तर माझ्या मते भुसावळ जंक्शन जवळ होतं हे एक आणि दुसरं म्हणजे हजारो लोकांचं जेवणखाण, पाणी, बैलगाड्या हे सगळं उभं करू शकेल असा शेतकऱ्यांचा भरलेला पट्टा इथं होता.

पण नुसतं टिळकनगरचं चित्र काढून थांबू नका. त्या अधिवेशनात शेतीचा कार्यक्रम मंजूर झाला. सारा आणि खंड (कुळानं जमीनमालकाला द्यायचं भाडं) कमी करा, न परवडणाऱ्या छोट्या जमिनीला साऱ्यातून सूट द्या, पाणीपट्टी कमी करा, वेठबिगार बंद करा, कर्जाचा बोजा हलका करा, शेतमजुराला पोटापुरती मजुरी द्या. सारा नको म्हणून त्याच्या ८४ वर्षं आधी, १८५२ ला, ज्या पट्ट्यात फौज आली होती तिथंच हे बोललं गेलं.

प्रश्न: खान्देश एकच जिल्हा होता म्हणतात, मग तीन कधी झाले?
(एक विद्यार्थी, अमळनेर)

उत्तर: १९०६ ला पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश झाले, पुढं त्यांचेच जळगाव आणि धुळे, मग १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. फैजपूर जळगाव जिल्ह्यात, यावल तालुक्यात.

प्रश्न: आमची केळी आहे, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) दोन्ही. वडील सांगतात की त्यांच्या लहानपणी विहिरीवर मोट चालायची, आता ट्यूबवेल पण खोल खोल चाललीय. आपल्याकडं पाऊस कमी, मे महिन्यात ऊन ४५ च्या वर, मग केळी इथं आलीच कशी आणि पाणी गेलं कुठं?
(एक शेतकरी, यावल तालुका)

उत्तर: भाऊ, दोन्ही प्रश्नांचं उत्तर जमिनीच्या खाली आहे. सातपुड्यातून सुकी, मोर अशा नद्या खाली येतात, पायथ्याशी उतार एकदम कमी होतो म्हणून सोबत आणलेले दगडगोटे, रेती तिथंच टाकतात आणि बारीक गाळ पुढं तापीकडे नेतात. पायथ्याच्या ह्या दगडगोट्यांच्या पट्ट्याला अभ्यासक बझाडा म्हणतात. पावसाळ्यात नदी तिथं आली की पाणी चाळणीतून जावं तसं खाली मुरतं आणि जमिनीखालून सरकत तुमच्या मळ्यापर्यंत येतं. म्हणजे तुमच्या विहिरीला पाणी तुमच्या वावरातल्या पावसाचं कमी आणि डोंगराचं जास्त.

आपल्याकडं वर्षाला पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, केळीला त्याच्या दुपटीहून जास्त पाणी लागतं. ही तूट पिढ्यानपिढ्या खालच्या साठ्यानं भरून काढली. वर खोल काळी माती, आणि माल न्यायला सावदा, निंभोरा, रावेर ही स्टेशनं, तिथून वॅगन भरून केळी दिल्लीकडे जायची. म्हणून ऊन असूनही केळी टिकली. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन पण मिळालंय.

मोट होती तोवर बैल दमले की उपसा थांबायचा, जमिनीला भरायला वेळ मिळायचा. लाईट आली, मोटार आली, ट्यूबवेल आली आणि थांबणं संपलं, त्यात डोंगरावरचं जंगल विरळ झालं तसं पाणी मुरायच्या आधीच वाहून जायला लागलं. ठिबकनं खूप वाचवलं हे खरं, पण वाचलेल्या पाण्यावर आपण आणखी केळी लावली, हे पण तितकंच खरं आहे आणि ते आपणच एकमेकांना सांगायला पाहिजे.

तापीचं पाणी कालव्यानं पायथ्याला आणून ह्याच दगडगोट्यांत मुरवायचं, अशी तापी मेगा रिचार्जची योजना आहे, २०२५ मध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशनं तिचा करार केला. पण ते होईपर्यंत थांबू नका. जुनी विहीर बुजवू नका, नाल्याचं पाणी तिच्यात सोडा, फक्त थेट सोडू नका, गढूळ पाण्यातला गाळ विहिरीचे झिरे, म्हणजे आत पाणी येण्याच्या वाटा, बंद करतो. आधी बाजूला एक खड्डा घ्या, खाली मोठे दगड, वर खडी, सगळ्यात वर रेती, त्यातून गाळून पाईपनं विहिरीत. रेतीचा वरचा थर दरवर्षी पावसाळ्याआधी बदलायचा.