उद्योगशंका : पार्टी चांगली आहे, पण तिच्या बँकेत डॉलर आहेत का?

प्रश्न : अंबड एमआयडीसीत आमचा पॅकेजिंग मशीनचा कारखाना आहे. नायजेरियातल्या लागोसच्या एका कंपनीने ५०,००० डॉलरच्या मशीनची ऑर्डर देऊ केली आहे. २० टक्के ॲडव्हान्स, बाकी रक्कम मशीन तिथे चालू झाल्यावर ९० दिवसांनी. पार्टी जुनी आहे, व्यवहाराला चोख आहे असं कळतं. ऑर्डर घ्यावी का?
— एक वाचक, अंबड

ऑर्डर घ्या, पण या अटींवर नको. नायजेरियात पार्टी चोख असली तरी पैसे अडकू शकतात. तिने आपल्या बँकेत नायरा (तिथलं चलन) भरले आणि बँकेकडेच डॉलर नसले, तर तुमची रक्कम महिनोन्‌महिने तिथेच पडून राहते. २०२२ मध्ये तिकीटविक्रीचे पैसे देशाबाहेर नेता येईनात, म्हणून एमिरेट्सने नायजेरियाची उड्डाणं थांबवली होती. लागोसमध्ये परदेशी कंपनी म्हणजे तुम्ही, आणि तुमचा हात विमान कंपनीइतका लांब नाही.

बिल डॉलरमध्ये आहे म्हणून चलनाची जोखीम समोरच्याची, असं आपल्याकडे सर्रास धरून चालतात. जून २०२३ मध्ये नायजेरियाने नायराचा दर मोकळा सोडला, म्हणजे बाजारावर सोपवला, आणि डॉलरचा अधिकृत भाव साधारण ४७० नायरांवरून महिन्याभरात ७५० च्या वर गेला. तुमची उरलेली रक्कम ४०,००० डॉलर. ४७० च्या भावाने ती १ कोटी ८८ लाख नायरा होते, ७५० च्या भावाने ३ कोटी. पार्टीचा स्वतःचा माल नायरात विकला जातो. हा फरक ती कुठून भरणार? मग सवलतीची मागणी येते, नाहीतर फोन उचलणं बंद होतं. इजिप्तमध्ये मार्च २०२४ मध्ये आणि इथिओपियात जुलै २०२४ मध्ये असाच दर मोकळा झाला, तेव्हा प्रश्न एकट्या नायजेरियाचा नाही.

म्हणून ॲडव्हान्स ३० ते ४० टक्क्यांवर न्या आणि बाकीसाठी ॲट साइट एलसी मागा, म्हणजे योग्य कागद दाखवताच पैसे देण्याची बँकेची लेखी हमी. ही एलसी नायजेरियाबाहेरच्या मोठ्या बँकेने कन्फर्म केलेली, म्हणजे पैशांची हमी तिनेही घेतलेली, हवी. तुमची बँक एलसी नुसती ‘ॲडव्हाइज’ करते तेव्हा ती फक्त कागद खरा असल्याचं सांगते, पैशांची हमी घेत नाही. कन्फर्मेशनचं शुल्क कोटेशन देतानाच विचारून किमतीत धरा. एलसी हातात आली की पार्टीचं नाव, मालाचं वर्णन आणि शिपमेंटची शेवटची तारीख तुमच्या कागदांशी अक्षरशः जुळते का ते त्याच दिवशी पाहा. जुळत नसेल तर माल हलवण्याआधी दुरुस्ती करून घ्या, कारण एवढ्या तफावतीवरही बँक पैसे नाकारू शकते.

‘मशीन चालू झाल्यावर’ ही अट सगळ्यात घातक. तिथे वीजजोडणी रखडली, शेडच तयार नाही, तरी तुमचे पैसे थांबतात. काही रक्कम ठेवायचीच असेल तर १० टक्क्यांच्या वर नको, आणि वाक्य असं लिहा : ‘मशीन चालू झाल्यावर किंवा शिपमेंटपासून ६० दिवसांनी, यांपैकी जे आधी होईल तेव्हा.’

न्हावा शेव्याला कंटेनर पाठवण्याआधी पार्टीचा ‘फॉर्म एम’ (नायजेरियातला आयातीचा अर्ज) मंजूर झालाय का आणि मशीनला सॉनकॅप (तिथल्या मानकांत माल बसतो असं) प्रमाणपत्र लागतं का, हे लेखी विचारा. बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) ‘टू ऑर्डर’ काढा, म्हणजे मूळ कागद बँकेतून सोडवल्याशिवाय माल हातात पडत नाही. ईसीजीसीची (निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा देणारी सरकारी कंपनी) पॉलिसीही शिपमेंटआधीच घ्या आणि या खरेदीदारापुरती मर्यादा मंजूर करून घ्या. पैसे थकले की ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं. ते राहिलं की दावा अडकतो.

प्रश्न : दुबईचा खरेदीदार सहा महिन्यांचा कांद्याचा करार मागतोय, एकच भाव आणि माल न दिल्यास दंड. सही करू का?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

इथे जोखमीचा देश आपला आहे, आणि खरेदीदाराची भीती रास्त आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, डिसेंबरमध्ये थेट बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्क एप्रिल २०२५ मध्ये शून्य झालं. लासलगावला लिलाव बंद पडले तेव्हा तिकडच्या खरेदीदाराचीही गिऱ्हाइकं तुटली.

तरी आहे तशा करारावर सही करू नका. भारतीय करार कायद्याचं कलम ५६ काम अशक्य झाल्यावर सोडवतं, महाग झाल्यावर नाही. बंदीत ते कदाचित उपयोगी पडेल, ४० टक्के शुल्कात नाही. त्यामुळे दोन्ही गोष्टी करारात स्वतंत्र लिहा. करारानंतर लागलेलं शुल्क खरेदीदाराकडे. बंदी आली तर न पाठवलेल्या मालापुरता करार विनादंड रद्द, आणि ॲडव्हान्स ठरावीक दिवसांत परत. भाव सहा महिन्यांऐवजी दर पंधरवड्याला ठरवा.

माल छोट्या खेपांत पाठवा आणि शिपिंग बिल (कस्टमकडचा निर्यातीचा अर्ज) लवकर भरा. डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेत, आदेशाआधी कस्टमच्या ताब्यात दिलेल्या मालाला सूट होती. पावतीवरची तारीखच तेव्हा कामी येते.