पहिला संगणक जोडताना

प्रश्न : मुलीच्या अभियांत्रिकीच्या अभ्यासासाठी सुटे भाग घेऊन संगणक जोडायचा आहे. खर्च कोठे वाचवावा?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सर्वांत मोठी बचत ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरील चित्र तयार करणारा वेगळा भाग) तूर्त न घेण्यात आहे, कारण रायझन ५ ५६००जी यासारख्या प्रोसेसरमध्येच ग्राफिक्सची सोय असल्याने प्रोग्रॅमिंग आणि साधे आरेखन त्यावर सहज होते. मात्र ही सोय संगणकाची मुख्य रॅमच (काम चालू असताना माहिती ठेवणारी तात्पुरती स्मृती) वापरते आणि दोन पट्ट्यांतून एकाच वेळी माहिती मिळाली की तिचा वेग वाढतो. म्हणून १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात. रंगीत दिव्यांवर पैसे घालवू नयेत. पॉवर सप्लायमध्ये (सर्व भागांना वीज पुरवणारा डबा) मात्र कृपया काटकसर करू नका : सोलापूरचा उन्हाळा ४० अंशांपलीकडे जातो आणि कॅबिनेटसोबत येणारा हलक्या प्रतीचा सप्लाय बिघडल्यास मदरबोर्डही (सर्व भाग ज्यावर जोडतात तो मुख्य फलक) निकामी करू शकतो. वॉरंटी भागागणिक वेगळी असते, तेव्हा प्रत्येक भागाचे पक्के बिल मागून घ्यावे.