भटारखान्याचे गुण कुणाला दाखवायचे?

(अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आमचे सांगलीचे लेखक वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.)

प्रश्न : सासूबाईंना ऑपरेशनसाठी मिरजेला ठेवलं होतं. आम्ही दवाखान्याजवळच्या एका खानावळीत जेवायचो. तिथलं जेवून दोघांना उलट्या-जुलाब झाले. मालक म्हणाला, "आमची सरकारी तपासणी झालेली आहे, काही निघालं नाही." तो तपासणीचा कागद मला बघायला मिळेल का?
– एक वाचक, जत

उत्तर : ताई, मालक खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही. पण 'काही निघालं नाही' हा तपासणीचा निकालच नव्हे. हॉटेल-खानावळीसाठी ठरलेला तक्ता असतो, एकूण ११४ गुणांचा. १०० आणि त्यावर मिळाले तर ए प्लस, ९१ ते ९९ ला ए, ८१ ते ९० ला बी. त्याखाली गेला तर श्रेणीच मिळत नाही. काही मुद्द्यांवर चांदणी (*) असते, ते महत्त्वाचे. पिण्याचं पाणी त्यातलंच : ते दर सहा महिन्यांनी तपासून घ्यायचं आणि अहवाल जपून ठेवायचा. चांदणीच्या मुद्द्यावर घसरलं तर बाकीचे गुण वाचवतीलच असं नाही. तेव्हा मालकाला विचारायचं ते एवढंच : किती गुण पडले, आणि कोणत्या तारखेला?

मी नोकरीला लागलो तेव्हा १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता. आमचा सगळा जोर नमुन्यांवर. दूध घ्या, तेल घ्या, तिखट घ्या, सील करा, प्रयोगशाळेला पाठवा. ५ ऑगस्ट २०११ ला नवा अन्न सुरक्षा व मानके कायदा अमलात आला, निरीक्षकाचा 'अन्न सुरक्षा अधिकारी' झाला, आणि भटारखाना, मोरी, आचाऱ्याची वर्षाची वैद्यकीय तपासणी हे सगळं परवान्याच्या अटींत बसलं. तळणाच्या तेलाला २०१८ पासून मर्यादा आली. काळं पडलेलं तेल तिसऱ्यांदा चढवणाऱ्याला ही मर्यादा समजावून सांगणं हा वेगळाच पुरुषार्थ, त्यावर पुन्हा कधीतरी.

आता कागद मिळवायचा कसा? माहितीच्या अधिकारात मागा. जन माहिती अधिकारी, अन्न व औषध प्रशासन, सांगली, यांच्या नावे अर्ज आणि त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. 'कारवाई का केली नाही' असं विचारू नका, 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. कागदच मागा : या परवाना क्रमांकाच्या खानावळीचे गेल्या ३ वर्षांतले तपासणी अहवाल, अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ खाली दिलेल्या सुधारणा नोटिसा, फेरतपासणीचे अहवाल. उत्तराची मुदत ३० दिवस. मालकाचं म्हणणं मागवलं तर ४०. 'व्यापारी गुपित आहे' असं उत्तर आलं तर अपील करा. मसाल्याची कृती गुपित असेल, तुंबलेली मोरी कसलं गुपित? खटला किंवा चौकशी चालू असेल आणि कागद दिल्यानं तिला बाधा येत असेल, तर मात्र नकाराला आधार असतो.

पण खरी अडचण पुढेच आहे. ३० दिवसांत पेशंट टाके काढून घरी जातो. मिरजेत कर्नाटकातून, सोलापूरकडून माणसं येतात, रात्री नऊला डबा हातात घेऊन 'कुठं चांगलं मिळतं' विचारत फिरतात. त्यांना निकाल दारावरच वाचता आला पाहिजे. माहिती अधिकाराच्या कलम ४ चा रोखही तोच आहे : कार्यालयानं स्वतःहून इतकं उघड ठेवावं की लोकांना अर्ज करायची वेळच कमी यावी. तपासणी सरकारी पगारावर होते. निकाल फायलीत का पडून राहावा, याचं पटणारं कारण मला नोकरीत असतानाही कुणी दिलं नाही.

आणखी एक. तो अहवाल हाती आला तरी उलट्या त्याच जेवणानं झाल्या हे त्यातून सिद्ध होणार नाही. त्यासाठी तेव्हाच तक्रार हवी. १८००२२२३६५ हा प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक. बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी ठेवली असेल तर आजही सांगा.

प्रश्न : महामार्गाला लागून माझं हॉटेल आहे. तपासणीत ए आला. तो फ्रेम करून गल्ल्यामागं लावावा म्हणतोय, पण शेजारचे हॉटेलवाले हसतात.
– एक हॉटेलमालक, सातारा

उत्तर : हसू द्या. गल्ल्यामागं मात्र नको, दारात लावा. आत येऊन पाण्याचा ग्लास पुढ्यात आला की आपल्याकडचं गिऱ्हाईक भिडेनं उठत नाही.

न्यूयॉर्क शहरात २०१० पासून ए, बी, सी अक्षर दर्शनी भागात लावतात. डेन्मार्कमध्ये हसरा-रडका चेहरा आणि त्यासोबत अहवालच. ब्रिटनमधली तऱ्हा बघण्यासारखी आहे : वेल्समध्ये २०१३ पासून निकाल लावणं सक्तीचं, इंग्लंडमध्ये ऐच्छिक. ऐच्छिक असलं की कमी गुणांचा कागद कोण लावणार, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडे केंद्राची हायजीन रेटिंग योजना आहे, १ ते ५ हसऱ्या चेहऱ्यांची. तीही बहुतेकांना ऐच्छिक, आणि परीक्षण मान्यताप्राप्त खासगी संस्था करते. घ्यायचं तर घ्या, पण सरकारी तपासणीचा कागद त्याच्या शेजारी राहू द्या. तारीख झाकू नका. दोन वर्षांपूर्वीचा ए मी तरी वाचून सोडून देईन. आणि पुढच्या खेपेला बी आला तर तोही लावायची तयारी ठेवा. शेजाऱ्यांचं हसू तेव्हा थांबेल की वाढेल, ते कळवा.

प्रश्न : हॉटेलच्या बिलावरचा अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर खरा आहे की नाही, हे कसं बघायचं?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : पहिला अंक १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यवसायाची नोंदणी. राज्याच्या परवान्यात पुढचे दोन अंक १५ म्हणजे महाराष्ट्र. फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर नंबर टाका, मालकाचं नाव, पत्ता आणि परवाना चालू आहे का ते दिसेल. तपासणीत किती गुण पडले ते तिथे दिसत नाही. पाटीवरचं नाव वेगळं निघालं तर लगेच बोंब मारू नका, परवाना बऱ्याचदा फर्मच्या नावे असतो. पत्ता जुळतोय का बघा. पत्ता दुसऱ्याच गावचा निघाला तर बिलाचा फोटो काढून तक्रार करा.